मोजणीदारांचं झाड

मोजणीदारांना कुणी "कुठे निघालात?" असं विचारलं की ते खोटं सांगत. मला सांगत सव गावाला, कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याला सांगत दासगावला, आणि बसत पोलादपूरच्या मोटारीत. बरं, पोलादपूरपर्यंत जात म्हणावं तर तेही नाही. मोटारवाला सांगायचा, मध्येच कुठेतरी "थांबव रे" म्हणून उतरतात, आणि मोटार दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावरून हलत नाहीत.

महाडात ते माझे शेजारी. जमीनमोजणी खात्यातून पेन्शन घेतलेलं एकटं माणूस. बायको वारलेली, मुलगी मुंबईला दिलेली. उंच, काटकुळे, डोक्याला करडी टोपी. पाठीवर लाकडी पेटी, खांद्यावर तिपाई आणि काखेत कातडी पिशवी. त्या पिशवीत तीन भिंगं होती. 'जवळचं', 'मधलं' आणि 'लांबचं' अशी त्यांची नावं त्यांनीच ठेवली होती. जवळचं मुंगीसाठी आणि फुलासाठी, मधलं झाडासाठी. लांबचं म्हणजे हातभर पितळी नळी. ते पाखरांसाठी, हे मला फार उशिरा कळलं. गावाने ती नळी पाहिली आणि ठरवून टाकलं, ही दुर्बीण. पेन्शन खाणारा सरकारी माणूस दुर्बीण घेऊन फिरतो, तेही मिठाच्या चळवळीच्या वर्षात. मग दुसरं काय समजायचं?

त्यांच्या माजघरामागे तांदूळ ठेवायची बिनखिडकीची खोली होती. भर दुपारी आत कोंडून घ्यायचे. दाराच्या फटीतून तांबडा उजेड दिसायचा. आमची ही एकदा वाटीभर कोशिंबीर घेऊन गेली, तर आतून ओरडले, "दार उघडू नका! सगळं जाईल!" ती वाटी तशीच घेऊन परत आली आणि मला म्हणाली, "अहो, काय जाईल? माणूस कोंडलाय की काय आत?" आत काचांवरचे फोटो धुणं चालू असे. पण ते सांगतील तर मोजणीदार कसले!

सवच्या उन्हाळ्यांवर, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर, तर मार खाता खाता वाचले. कढत पाण्याच्या कडेला ओल्या मातीवर फुलपाखरं बसतात, त्यांच्यासाठी ते जवळचं भिंग लावून गुडघ्यांवर बसले होते. पलीकडे बायका अंघोळी करत होत्या. पाचसहा गडी धावून आले.

"बाया न्हातात तिथं कसलं यंतर लावताव?"

मोजणीदारांनी अक्षरही न बोलता त्यांच्यातल्या म्हाताऱ्याचं डोकं धरून पेटीवरच्या काळ्या फडक्याखाली घातलं. म्हातारा आतूनच म्हणाला, "फुलपाखरू हाय रे. पण उलटं हाय!" कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटंच दिसतं, एवढं एक वाक्य त्यांनी सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. ते न बोलता सामान आवरून निघून आले. तेव्हापासून त्या बाजूला बोलवा झाली, की त्या पेटीत माणूस उलटा होतो.

"बोललं की लोक मागे येतात," एवढंच ते मला म्हणाले. आणि मला ते जास्तच खटकलं.

मी कोर्टात कारकून. चळवळीतल्या पोरांवर खटले उभे राहत होते आणि पोलिसांना बातम्या कोण देतं याची कुजबुज रोज कानावर यायची. आमच्या ओळखीच्या एका तरुण वकिलांनी मला बाजूला घेतलं. "तुमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. हा गृहस्थ भेटतो कुणाला, एवढं काढा." मला ते काम पटलं, हे आज कबूल करायला हवं. नुसतं पटलं नाही, थोडं आवडलंही.

पोलादपूरकडच्या एका वाडीतला गणू बांधाच्या तंट्यासाठी कोर्टात खेपा घालायचा. मोजणीदार त्याच्याच वाडीजवळ उतरतात असं त्याच्या बोलण्यातून कळलं. मी म्हटलं, "गणू, जरा लक्ष ठेव. कुणाला भेटतात ते बघ." पुढच्या तारखेला गणू सांगत आला.

"कुणाला भेटत नाय, साहेब. रानात बेहड्याचं झाड हाय, त्याच्या समोर पाला पांघरून बसतो. दिसभर. झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी हाय कोंडलेली. नर उंबरं आणून भरवतो, ते बघत बसतो."

"आणि?"

"आणि काय नाय. वाडीतली सगळी हसली."

वाडीतली सगळी! म्हणजे झाडाची जागा आता सगळ्यांना ठाऊक झाली होती, पण मी ते मनावर घेतलं नाही. धनेशाच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर चालतं अशी लोकांची समजूत. असलं तेल विकत फिरणारा एक वैदू त्या आठवड्यात वाडीत मुक्कामाला होता. त्याने ऐकलं आणि झाडाखाली जाऊन नर मारला.

मोजणीदार कोर्टाच्या आवारात आले तो शनिवार होता. पाठीवर पेटी नव्हती. मी बाहेर गेलो.

"कारकून, गणूला तुम्ही पाठवलंत?"

खोटं बोलायची संधी होती. पण त्यांच्या टोपीला पाला चिकटलेला होता, आणि तो त्यांनी काढला नव्हता. मी "हो" म्हटलं.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "मादी आत आहे. ढोलीचं तोंड मातीने, विष्ठेने लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. आत पंखांची पिसं गळतात, तिला उडता येत नाही. भरवणारा गेला. उद्या रविवार, सुट्टी आहे तुम्हाला. चला."

आम्ही गेलो. गणू खाली मान घालून आधीच उभा होता. बांबूची शिडी लावून तो वर चढला आणि फटीशी उंबर धरलं. आतून चोच आली आणि तिने उंबर भिरकावून दिलं. पाच वेळा धरलं, पाचही वेळा तेच. खाली मोजणीदार दोन्ही हात छातीशी धरून उभे. मी असा माणूस पाहिला नव्हता, आणि याच माणसावर मी पाळत ठेवली होती.

ते गणूच्या पडवीतच राहिले. गणू दिवसातून चार वेळा चढायचा. तिसऱ्या दिवशी तिने एक उंबर घेतलं. हे मला गणूने सांगितलं. तो तेवढ्यासाठी महाडपर्यंत चालत आला होता. "घेतलंन, साहेब! माझ्या हातातनं घेतलंन!"

मी दर रविवारी उंबरं घेऊन जायचो. चौथ्या रविवारी पोहोचलो तेव्हा लिंपण फुटलेलं होतं आणि ती शेजारच्या फांदीवर बसलेली होती. पंख अपुरे, अंग मळलेलं. उड्या मारत दुसऱ्या झाडावर गेली. गणूने ढोलीत हात घातला. एक पिल्लू होतं, मेलेलं. मोजणीदारांनी ते उपरण्यात घेतलं आणि झाडाच्या बुंध्याशी पुरलं. दोन दिवसांनी ती दरी ओलांडून उडाली, ते त्यांनी आणि गणूने पाहिलं.

"फोटो काढलात?" मी नंतर विचारलं.

"कॅमेरा घरी होता," ते म्हणाले.

वकिलांना मी सगळं सांगितलं. ते हसले. "पाखरांचे फोटो? आणि तुम्ही मान्य केलंत? पक्का आहे हो तो!" त्यानंतर ते माझ्यासमोरही जपून बोलू लागले.

पुढे तीनएक वर्षांनी मोजणीदारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि मुलीने त्यांना मुंबईला बोलावून घेतलं. दासगावच्या धक्क्यावर लाँचपर्यंत मी पोहोचवायला गेलो. ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते. त्यांना ते पांढरे ठिपके दिसत होते की नाही, कोण जाणे. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं, ते मी बोलून टाकलं.

"मोजणीदार, मी तुमच्यावर संशय घेतला. माझं चुकलं."

"मीही घेतला होता," ते म्हणाले.

"कुणावर?"

"तुमच्यावर. शेजारी कोर्टातला माणूस, सदा भिंतीशी कान. मला वाटायचं, पोलिसांना बातम्या तुम्हीच देता. चळवळीतल्या दोन पोरांना मी सांगितलंही होतं, कारकुनापासून जपून राहा म्हणून."

मला हसावं की रागवावं कळेना. "आणि आता?"

त्यांनी खरोखर विचार केला. "आता कमी वाटतं," म्हणाले, आणि फळीवरून चाचपत लाँचवर चढले.

लाँच सुटली तेव्हा त्यांनी हात हलवला. मी डावीकडे उभा होतो. त्यांनी हलवला तो उजवीकडे उभ्या असलेल्या कुणा परक्या माणसाकडे बघून. तो गोंधळला. मी त्याच्या पुढे जाऊन उभा राहिलो, आणि लाँच वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिलो.