फ्रेटलेस बेसच्या मागे दापोलीपर्यंत

विकाऊ बेस गिटारचा फोटो सकाळी सातला आला आणि नऊ वाजता मी ताम्हिणीच्या रस्त्याला लागलो होतो. "निदान वाजतो का ते तरी विचार," बायको म्हणाली. विचारलं होतं. फोनवर पलीकडचे काका म्हणाले होते, "वाजायचा."

मी पुण्यात स्टुडिओत आणि ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. रोजच्या कामाचा एक सोडला तर गेल्या चार वर्षांत सहा बेस घेतले आणि सहाही विकले. हात कशावर ठरतच नाहीत. आणि फोटोत होता तो जुना जपानी फ्रेटलेस. साध्या गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, सतारीच्या पडद्यांसारख्या. त्यांच्यामुळे सूर आपोआप जागेवर पडतो. फ्रेटलेसला त्या नसतात. गुळगुळीत लाकूड, चार जाड तारा आणि आपला कान. बोट केसभर सरकलं की बेसूर. पण जमलं तर तार गळ्यासारखी गाते. असे जुने बेस जपून वापरलेले फार कमी सापडतात.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पुणे, ताम्हिणी, माणगाव, आंबेतचा पूल, मंडणगड, दापोली. मला साडेपाच तास लागले. माणगावात मिसळ खाऊन घ्या, पुढे बराच वेळ धड काही मिळत नाही. मंडणगडनंतर रस्ता अरुंद आहे आणि वळणं संपता संपत नाहीत. नोव्हेंबर होता, कातळावरचं गवत पिवळं पडलं होतं. दोनदा चुकीच्या फाट्याला वळलो, कारण थांबून विचारायचा धीर नव्हता.

सुदामकाकांचं घर आंजर्ल्याच्या वाटेवरच्या एका गावात, बौद्धवाडीच्या टोकाला. काका सत्तरी ओलांडलेले, कोयना प्रकल्पाच्या पोफळीच्या वीजघरात वायरमन होते. "जय भीम" म्हणत त्यांनी पाणी दिलं आणि खाटेवर घोंगडीत गुंडाळलेला बेस उघडला.

मान धनुष्यासारखी वाकली होती, तारा गंजल्या होत्या. गाडीतून आणलेल्या छोट्या अॅम्प्लिफायरला लावला तर नुसती खरखर.

"मेहुणा बोटीवर होता, त्यानं आणलान जपानवरनं," काका म्हणाले. "पोफळीच्या कॉलनीत आमची गाण्याची पार्टी होती. ही गायची." त्यांनी आतल्या दाराकडे हात केला. सुमनकाकू चहा घेऊन येत होत्या. "पेटीवाला हिच्यावर चिडायचा. हिचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे जायचा. ह्या बेसवर मला तो सापडायचा."

"मग वाजवणं का सोडलंत?"

काकूंनीच उत्तर दिलं. आवाज जाडा, घोगरा होता. "माझं गळ्याचं ऑपरेशन झालं तीन वर्सांमागं. मी गायची बंद झाले, तसा ह्यांनी हा माळ्यावर टाकला."

खरं सांगतो, मनात आधी हेच आलं, की वाकलेल्या मानेमुळे भाव पाडता येईल. पण मानेच्या आत एक सळई असते. पाना घालून ती पिळली की मान सरळ होऊ शकते, फक्त एकदम पिळायची नसते. पाव फेरा द्यायचा आणि लाकडाला निदान आठ-दहा तास सोडायचं. मी तसं सांगितलं. काका लगेच म्हणाले, "मग ऱ्हावा की."

पहिला पाव फेरा दिला आणि जवळच्या, दापोलीच्या मुरुडला खोली घेतली. आठवड्याच्या मधल्या दिवशी हजाराच्या आत बरी खोली मिळते. मुरुडचा किनारा लांबलचक आणि सपाट, माणसं जवळपास नव्हतीच. कुणीही तिथे शांत झालं असतं. मी मात्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नुसता चालत राहिलो. आपल्या पाठीमागे तिथे लाकूड तडकलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा पाव फेरा. आता संध्याकाळपर्यंत थांबायचं. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. वरून खाडी, माड आणि समुद्र एका नजरेत दिसतात, चुकवू नका. मी दहा मिनिटांत खाली उतरलो. खाली एका घरगुती खानावळीत बांगडा, तांदळाची भाकरी आणि सोलकढी घेतली. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "सावकाश जेवा ओ, बस चुकतेय काय तुमची?"

संध्याकाळपर्यंत मान सरळ आली. काकांनी आतली गंजलेली वायर काढून नवीन वायर डाग देऊन जोडली. मी माझ्याजवळच्या तारा चढवल्या. पहिला सूर घुमला आणि पत्र्यावरची मांजर उडी मारून पळाली.

मी वाजवायला बसलो आणि सगळं वाजवलं. जे येतं ते सगळं, भराभर. काका मान डोलवत राहिले. मग काकू दाराला टेकून हलकेच गुणगुणू लागल्या. बाबासाहेबांवरचं त्यांचंच जुनं गाणं, पण आता फार खालच्या पट्टीत. मी साथ द्यायला गेलो आणि सूर मिळेना. बोट खाली सरकवलं, वर सरकवलं. दोन ओळींत त्या गप्प झाल्या.

"आणा इकडं," काका म्हणाले.

त्यांनी एकच सूर लावला, बोट किंचित हलवलं आणि काकूंकडे पाहिलं. त्यांनी परत सुरुवात केली. आवाज फाटत होता, मधेच नाहीसा व्हायचा, आणि जिथे तो जायचा तिथे बेस आधीच पोचलेला असायचा. कडवं पूर्ण झालं. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग काकांनी बेस घोंगडीत गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. "शब्द दिलाय. न्या."

मला तो हवा होता. तेव्हा तर कालच्यापेक्षाही जास्त.

"राहू दे काका, इथंच."

ते तडकले. "दया करताय काय आमच्यावर?"

"नाही. मला हा वाजवता येत नाही. आत्ता कळलं."

त्यांनी घोंगडीतला बेस उचलून परत खाटेवर ठेवला. मग आतून काकूंनी हाक मारली, "जेवून जा म्हणावं." भात आणि सुकटीची आमटी खाऊन मी निघालो.

परतीचा प्रवास समाधानात झाला असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. मंडणगडला गाडी बाजूला घेतली, परत फिरावं म्हणून. आंबेतच्या पुलाआधी पुन्हा एकदा. अजूनही कधी कधी वाटतं, चूक केली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी माझ्या रोजच्या बेसच्या पट्ट्या पक्कडीनं एकेक करून उपटल्या. खाचा भरल्या, लाकूड घासलं. बायकोनं कपाळावर हात मारला. आता रोज तासभर त्याच्यावर एकच सूर धरतो आणि बहुतेक वेळा चुकतो.

गेल्या रविवारी काकांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि वाजवलं. पलीकडून काकूंचा घोगरा आवाज आला.

"वर जातंय. जरा खाली या."

मी बोट सरकवलं.

"अजून."