जाहिरातीच्या जागेतली जुबेदाभाभी

हमीदभाईंनी टेपांची ट्रॉली टेपा पुसायच्या मशीनच्या खोलीच्या दारात आडवी घातली आणि तिच्यापुढे स्वतः उभे राहिले. आज पुसायचं नाही म्हणाले. दिवस मंगळवार, गुरुवारी अम्गऱ्याच्या भंगारबाजारातून ट्रक येणार होता. माझं डोकंच फिरलं.

हमीदभाई आमच्या कुवेतच्या चॅनेलचे टेप लायब्ररियन, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. मी कणकवलीचा, एडिटर. दोघांची उमेदीची वर्षं इथेच गेली. आता सगळं फाइलवर आलं, म्हणून टेपा निघाल्या, आणि त्यांच्यामागून हमीदभाईही. पुढच्या महिन्यात ते कायमचे गावी चालले होते.

टेपांवर होते अमेरिकन कार्यक्रम, फर्स्ट रन सिंडिकेशनचे. म्हणजे काय, तर मोठ्या नेटवर्कसाठी न करता कंपनी नवा कार्यक्रम बनवते आणि गावोगावच्या स्टेशनांना सुटा विकते. कोणी तो सकाळी दाखवतं, कोणी चार वाजता. मध्ये मध्ये कंपनी काळी जागा सोडते. ताटात भात-आमटी ती वाढणार, डावी बाजू ज्याची त्याने भरावी. तिथे स्टेशनने आपल्या जाहिराती घालायच्या.

आम्ही रोज दुपारी त्यातला एक कोर्टाचा कार्यक्रम लावायचो. जाब्रियातल्या आपल्या नर्सबायका ड्यूटीवरून येऊन जेवता जेवता बघायच्या. पण त्या वेळेला जाहिराती कोण देतंय? मग मी कॅमेरा घेऊन हिंडायचो. फिंतासचा किनारा, मासळीबाजार, पतंग उडवणारी पोरं. वीस-वीस सेकंदांचे तुकडे त्या काळ्या जागेत डकवायचे. काय मजेचे दिवस होते ते! पगार बेताचा, पण सकाळी उठल्यावर कामावर जावंसं वाटायचं.

हमीदभाई खाली बघून म्हणाले, "त्यातल्या एकात जुबेदा आहे."

त्यांची बायको. गेल्या वर्षी गावी वारली. फोटो पुष्कळ होते, पण तिचा आवाज कुठेच नव्हता. मला आठवलं. एका ईदला त्यांच्या फ्लॅटवर शीरखुर्मा खायला गेलो होतो आणि तिथेही कॅमेरा चालू ठेवला होता. मग एवढे दिवस बोलला का नाहीत, असं मी जरा जोरातच विचारलं. तुमच्या नोकरीवर यायला नको म्हणून, म्हणाले. आता या माणसाला काय म्हणावं!

बॉसकडे गेलो. फादी लेबनॉनचा, कागदाचा पक्का. करार संपला की सगळ्या कॉपी पुसायच्या आणि तशी सही करून अमेरिकेला सर्टिफिकेट पाठवायचं, हा नियम. तो मान वर न करता म्हणाला, "एकही कॉपी ठेवता येणार नाही."

"कार्यक्रमाची नाही ठेवत. मधल्या जागेची ठेवतो. ती जागा स्टेशनची, असं करारातच आहे."

त्याने कपाटातून करार काढला आणि ते कलम दोनदा वाचलं. "तुमचं ते काढून घ्या," म्हणाला. "पण गुरुवारी ट्रक थांबणार नाही."

खरं घोडं पुढे अडलं. लॉगशीटवर मी आळसाने प्रत्येक जागेपुढे नुसतं 'ब्लॅक' लिहून ठेवलेलं. शेकडो टेपा, कुठे शोधायचं? हमीदभाई म्हणाले, त्या ईदला तिने शाल घेतली होती. म्हणजे थंडी. ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे ती थंडीत आली अशी वर्षं मोजकी. त्यांनी बोटांवर हिशोब करून पाच टेपा काढल्या.

बुधवारी चौथ्या टेपेत जुबेदाभाभी सापडली. शाल, हातात वाटी, ओठ हलताहेत, आणि वर माझं टुकार संगीत. असल्या भरतीच्या तुकड्यांवर संगीत घालायची तेव्हा पद्धतच होती. हमीदभाईंनी नुसती मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एकदम लक्षात आलं. टेपेवर आवाजाचे दोन ट्रॅक असतात. संगीत मी एकावर टाकायचो आणि दुसऱ्यावर शूटिंगचा मूळ आवाज तसाच राहू द्यायचो. प्रसारणाला तो बंद असायचा, म्हणून कोणी कधी ऐकलाच नव्हता. मी पहिला ट्रॅक बंद केला आणि दुसरा चालू केला.

"सावंतभाऊ, ते यंत्र बाजूला ठेवा, खुर्मा निवतोय. आणि हे कुठे गेले?"

हमीदभाई पडद्याला म्हणाले, "इथेच आहे गं."

मी उठून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा ते पुन्हा लावून बघत होते. तो तुकडा त्यांना पेनड्राइव्हवर दिला. मग सगळ्या टेपा गुरुवारी सकाळी त्यांनीच आपल्या हाताने पुसल्या.

नव्या एडिटरांना एवढंच सांगतो: मूळ आवाजाचा ट्रॅक पुसू नका. जागा फारशी लागत नाही.