चाकणच्या गाडीत बसलेला रुमाल

चाकणजवळच्या खराबवाडीच्या भागूबाईंना गेल्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी एका रुमालाने मोटारीतून खाली उतरवलं. होय, रुमालाने. रुमालाचा मालक गाडीत नव्हताच. मी तिथे होतो म्हणून लिहितो. पाय अजून दुखताहेत, तेव्हा गोड भाषेची अपेक्षा ठेवू नका.

घरी, गोव्यात, सगळ्यांना वाटतं, मी परदेशात मजेत आहे. गोव्याची हद्द ओलांडली की पोर्तुगीज कागदावर आपण परदेशी. चिंचवडला मामांकडे राहतो, पुण्याला कॉलेजात जातो. पण खरं शिकतो आहे ते एवढंच, की इथून तिथे पोहोचायचं कसं. आपल्याकडे मोटारवाला दाराशी थांबतो आणि आईची चौकशी करतो. इथली गाडी कुणाला ओळख देत नाही.

शनिवारी गोवामुक्तीच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन चाकणच्या बाजाराला निघालो. चिंचवडहून आगगाडीने पिंपरी, तिथून पायी नाशिक फाटा (फाटा म्हणजे रस्त्याला रस्ता फुटतो ती जागा). लिंबाखाली उभा राहून सभ्यपणे हात वर केला. गाडी धूळ उडवत गेली. दुसरीही गेली. शेजारी कंगव्या-आरशांची टोपली घेऊन एक सिंधी फेरीवाला बसला होता. पिंपरीच्या निर्वासित छावणीतला, लछूभाई त्याचं नाव.

"भाऊ, गाडीला सलाम करतो काय?" तो म्हणाला. "सलामाने नाही थांबत ती. चल, रेल्वेच्या फाटकापाशी. फाटक बंद झालं की तिचा बापसुद्धा थांबतो."

तसंच झालं. फाटक पडलं, गाडी थांबली, आम्ही लोंबकळत का होईना, चढलो. भोसरीचं माळरान आलं, मोशीला इंद्रायणीचा पूल. वाटेत लछूभाईने दुसरा धडा दिला. "येताना गाडी लागली की आधी खिडकीतून रुमाल टाक. रुमाल पडला, जागा तुझी."

"आणि माझ्या आधी कुणी आत चढून बसला असला तर?"

"तो तर माणूस आहे, भाऊ. रुमालाशी कोण भांडणार?" मग हसला. "आम्ही सिंधमधून निघालो तेव्हा रुमाल टाकायला विसरलो. जागा गेली."

त्याच्या हसण्यावर हसायचं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

चाकणला किल्ल्याच्या पडक्या तटापासून बाजारापर्यंत कांद्याचे ढीगच ढीग. पत्रकं भराभर खपली. एक मिरचीवाली तर म्हणाली, "आनखी द्या की." मला भरून आलं. भजी खाऊन परत आलो तर ती माझ्या पत्रकात मिरच्या बांधून देत होती. जाऊ द्या. जनजागृती अशीही होत असेल.

दुपारी अड्ड्यावर गाडी लागली. गर्दी धावली, मीही धावलो आणि लछूभाईचं नाव घेऊन खांद्यावरचा पंचा खिडकीतून आत फेकला. जागा धरली! ऐटीत दाराकडे वळलो, तेवढ्यात गाडी सुटली. ती जुन्नरची होती. माझा पंचा खिडकीजवळ बसून जुन्नरला गेला.

"पंचाचं तिकीट काढलं का न्हाई, राव?" पाठीमागून कुणीतरी विचारलं. सगळा अड्डा हसला.

पुण्याकडची गाडी आली तेव्हा चढलो तो उभाच. एका बाकावर एक तांबडा रुमाल एकटाच बसला होता. माझ्यामागून चढलेल्या बाईंनी तो उचलला, नीट घडी केली, मांडीवर ठेवला आणि त्या बसल्या. याच भागूबाई. नवरा दम्याने घरी बसलेला. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुवायला बायका घेत होते. मुकादमाने सांगितलं होतं, शनिवारी दुपारच्या भोंग्याच्या (कारखान्याच्या शिट्टीच्या) आत दारावर या. मागाहून आलात तर जागा नाही. आठवडाभर खटपट करून त्या आज निघाल्या होत्या.

कंडक्टर आला. "ए बाई, ऊठ. ती जागा अडत्या शेठची." (अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देऊन दलाली घेणारा.)

"शेठ कुटं हायेत?"

"मोशीला चढनार हायेत."

"मंग मोशीपत्तुर बसते. तितं उठते."

"रुमाल दिसतोय न्हवं? उठायचं म्हंजी उठायचं. आन उभं ऱ्हायाला आज परवानगी न्हाई, खाली उतरा. तुमीबी उतरा, ओ पत्रकवाले!"

मी भांडलो. मोठ्याने भांडलो, सभेत बोलतो तसा. "माणूस खाली आणि फडकं वर, हा कुठला न्याय?" पण सगळी गाडी रुमालाच्या बाजूने. "शेठची रोजची जागा हाय ती," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "उशीर व्हतोय, उतरा की भावा." ज्याच्या त्याच्या बुडाखाली स्वतःचा रुमाल होता. आम्ही उतरलो. गाडी गेली, रुमाल बसून गेला.

आणि अडत्या शेठ? समोरच्या हॉटेलात बशीने चहा पीत होते. शेठ एरवी पुढे मोशीला चढत, म्हणून त्यांच्या हमालाने सवयीप्रमाणे इथूनच रुमाल टाकला होता; आज ते स्वतःच्या लॉरीतून कांदा घेऊन पुण्याला निघाले होते. ते रुमालाला कुणी कळवलं नव्हतं.

मी तावातावाने सांगितलं, तर ते मनापासून हसले. "अरे राव, मग त्यात एवढं काय? गेला तर माझाच रुमाल गेला! चला, बसा लॉरीत. चल गं, भागू."

माणूस वाईट नव्हता. हीच तर खरी पीडा आहे.

कांद्याच्या पोत्यांवर बसून निघालो. मोशी गेली. भोसरीला शेठनी काही पोती उतरवली, ओळखीच्यांशी दोन शब्द बोलले. भागूबाई नुसत्या पुढे बघत होत्या. फाट्याआधी रेल्वेचं तेच फाटक. आमच्या तोंडावर पडलं. सकाळी ज्या फाटकाने मला गाडी मिळवून दिली, त्याच फाटकाशी आम्ही अडकलो असताना पिंपरीच्या बाजूने भोंगा ऐकू आला. लांबलचक.

"वाजला," भागूबाई म्हणाल्या. एवढंच.

तरीही गेलो. दरवानाने दारातूनच सांगितलं, "मावशी, बायका भरल्या. आता नाही."

"गाडीतनं उतरिवलं मला, दादा."

"ते गाडीवाल्याला सांगा."

आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. भागूबाईंनी भाकरी सोडली, अर्धी मला दिली. वर बाजारात घेतलेल्या मिरच्या, आणि त्या माझ्याच पत्रकात बांधलेल्या. त्यांनी कागद उलगडून विचारलं, "काय लिवलंय ह्यात?"

"आमचा गोवा पोर्तुगीजांनी धरून ठेवलाय, ते."

"ते तितंच ऱ्हात्यात?"

"थोडे राहतात. बाकी त्यांचा देश समुद्रापलीकडे, फार लांब. इथे त्यांचा झेंडा."

त्यांनी घास गिळला. "मंजी तुमच्या जागेवरबी फडकंच टाकलंय की."

मी इतकी पत्रकं लिहिली. हे वाक्य एकातही नव्हतं.

"मंग उचला की," त्या म्हणाल्या. "मी एकटीनं उचललं, तर उतरिवलं. समदी गाडी उठली असती, तर कंडक्टर काय करनार व्हता?"

परत रेल्वेच्या फाटकाशी आलो आणि गाडी थांबली तेव्हा त्यांना चढवून दिलं. उभ्याने का होईना, त्या परत गेल्या, ज्या घरून कामावर निघाल्या होत्या त्याच घरी, काम न मिळता. मी चिंचवडला पोहोचलो. मामी म्हणाल्या, "पंचा कुठाय?" "जुन्नरला," म्हटलं.

आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही पणजीत हे वाचत असा की पिंपरीत, त्या गाडीत बसलेले सगळे तुमच्यासारखेच होते: सभ्य, घाईत, आपापल्या जागी. मला तुमची हळहळ नको. पुढच्या वेळी बाकावर रुमाल दिसला आणि मालक दिसला नाही, तर शेजारी बसून खिडकीबाहेर बघू नका. उभे राहा. रुमाल उचला. कंडक्टर ओरडला तर शेजाऱ्यालाही उठवा. आणि दारात ताटकळणाऱ्या बाईला म्हणा, "बसा."

भागूबाईंना त्या दुपारी एवढंच हवं होतं.