हिराजीकाकांची लेव्हल

हिराजीकाकांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवायचेसुद्धा उभ्यानंच. तळहातावर तांदळाची भाकरी, तिच्यावर सुकट, आणि पाय आपले चालूच. "काका, घटकाभर टेका की," म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "बसलो का मीठ भिजतंय, सायेब." खरं म्हणजे भिजायला मीठ उरलंच नव्हतं. त्यांचं मिठागर आणि शेजारची भाताची खाचरं, दोन्ही नव्या शहराच्या नकाशात गेली होती. पण जन्मभराची सवय, ती थोडीच सुटते!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. कोपरखैरण्याच्या बाजूला तेव्हा चिखल, बगळे आणि आमच्या कार्यालयानं ठोकलेल्या खुंट्या, एवढंच काय ते शहर. मी साताऱ्याकडचा, चोवीस वर्षांचा, डिप्लोमाच्या जोरावर नुकताच ओव्हरसियर म्हणून चिकटलेला. अजून कायमही झालो नव्हतो. अशात वरून हुकूम सुटला. देशोदेशींच्या खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धा आपल्याकडे भरवाव्यात म्हणून खटपट चालली होती. त्यातले काही खेळ खाडीच्या या बाजूला घेता येतील का, हे बघायला परदेशी पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायला निदान शंभर मीटरची एक धावपट्टी दीड महिन्यात तयार हवी. स्टेडियमचा पत्ता नाही, रस्ता अर्धवट, पण धावपट्टी हवी म्हणजे हवी!

जागा हिराजीकाकांच्या भावकीची. ताबा द्यायला कुणी तयार होईना. काकाच घरोघर फिरले. "जमीन तं जानारच हाय. पन आपल्या जमिनीवर जगातली पोरं धावतील, ती बगू तरी!" त्यांच्या शब्दावर अंगठे उठले, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. कामावर मुकादम म्हणून त्यांनाच घेतलं होतं. दिवसातून चारदा माझ्यापुढे येऊन उभे, "कवा येतान पावने?" गावात तर रोजचेच टोमणे, "काय रं हिराजी, तुजे पावने वाट चुकले का?"

लेव्हल घ्यायचं आमचं यंत्र दुसऱ्या कामावर अडकलं होतं. मी हवालदिल. काका म्हणाले, "यंतर कशाला? बूट काढ." मला अनवाणी चिखलात चालवलं आणि विचारलं, "कुटं उंच लागतंय?" मला कप्पाळ कळतंय! त्यांना मात्र टाचेला कळायचं. मिठाचा वाफा करतात तशीच पट्टी करायची त्यांनी ठरवली. भोवती वीतभर बांध घालायचा, आत पाण्याचा पातळ थर सोडायचा, जिथं कोरडं दिसेल तिथं खरवडायचं, जिथं पाणी खोल तिथं माती टाकून पायांनी तुडवायची. "पान्याला लबारी जमत नाय, सायेब," ते म्हणायचे.

काम सुरू करायच्या आधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. मी हजेरीच्या वहीत डोकं घालून बसलो होतो. ते म्हणाले, "सायेब, येक सांग. पानी ठेवायचा का काढायचा?"

"काका, डोकं नका खाऊ! सपाट म्हणजे सपाट. आरशासारखी पट्टी पाहिजे मला."

ते थोडे घुटमळले. "तू शिकलेला हायस," म्हणाले आणि गेले. मैदानाला एका बाजूला उतार द्यावा लागतो, नाहीतर पाणी साचतं, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. त्या दिवशी तेच नेमकं आठवलं नाही.

दीड महिन्यात पट्टी वाळून टणक झाली. पाहुणे यायच्या सकाळी मोठ्या साहेबांनी धूळ बसावी म्हणून टँकर मागवला. ड्रायव्हरनं हौसेनं दोन खेपा ओतल्या. पाणी जे बसलं ते बसलंच. आम्ही घाईघाईनं बांध फोडला तरी जागचं हलेना, इतकी अस्सल लेव्हल! अख्खी भावकी धुतलेले कपडे घालून बघायला आलेली. गाड्या आल्या. एक पाहुणा काठावरून आत बघून हसला, काहीतरी बोलला, मग बाकीचेही हसले. पांढरे बूट कुणी चिखलात घालीना. पंधरा मिनिटांत गाड्या वळल्या.

"कुणाचं हे शहाणपण?" मोठे साहेब कडाडले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहत राहिलो.

"माजा, सायेब," काका म्हणाले. "मिठागराची सवय. पानी दिसला का अडवतो." भावकीतल्या प्रत्येकानं ते ऐकलं.

स्पर्धा काही आमच्याकडे आल्या नाहीत. घोटाभर पाण्यासाठी कुणी एवढा पसारा दुसरीकडे नेत नाही, कारणं वर कुठंतरी वेगळीच असणार, हे मला समजत होतं. पण गावाला काय त्याचं? हिराजीनं पाहुण्यांना पाण्यात घातलं आणि जमीन फुकट घालवली, एवढंच गावानं धरून ठेवलं. मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आधी नोकरी कायम व्हायची होती, मग लग्न ठरत होतं, मग ऐरोलीकडे बदली झाली. भित्र्या माणसाला कारणं काय कमी! काका रस्त्यात भेटले की मी सुरुवात करायचो, "काका, त्या दिवशी..." ते हात हलवायचे. "बसलो का मीठ भिजतंय," की निघाले.

आठ-नऊ वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी बाराव्याला गेलो. ओटीवर सगळी भावकी जमली होती. मी उभा राहिलो आणि एकदाचं बोललो. काकांनी मला विचारलं होतं, मीच त्यांना गप्प केलं, चूक माझी होती. सांगताना मला रडू फुटलं.

मग आतून त्यांची बायको, बायजाकाकू, दारात आली.

"आट वरसां त्याला येताजाता हसत व्हती मानसां," ती म्हणाली. "तवा कंच्या गावाला गेल्तास? आता कोनाला सांगतंस?"

कुणीतरी माझ्या पायाशी पाट सरकवला. "बसा, सायेब."

मला बसवेना.