सुटलेली ओळ

आईच्या डायलिसिसच्या कागदांसाठी मी दवाखान्यातल्या सरकारी योजनेच्या टेबलाशी जातो, तेव्हा कामरगावचे एक अंध गृहस्थ तिथे भेटतात. स्वतःचं काम नसतं. कुणा अपंगाला सोबत आणलेलं असतं. टेबलावरच्या बाबूला ते ‘साहेब’ म्हणत नाहीत, ‘भाऊ’ म्हणतात.

परवा त्यांनी आणलेल्या एका बाईला बाबू म्हणाला, “नकली पाय आता योजनेत बसत नाही.”

“मंग मी चालू कशी?” बाई म्हणाली.

“योजनेचा सरकारी आदेश वाचून दाखव, भाऊ,” गृहस्थ म्हणाले.

बाबूने भराभर वाचला.

“मंधातली ओळ राह्यली. पोरीनं मले चारदा वाचून दाखोली हाये.”

बाबूने ती ओळ वाचली आणि बाईचा अर्ज घेतला.

मी बाबूच्या बाजूलाच उभा होतो; कागदावरची ओळ सुटलेली मलाही दिसली होती. पण आईचा अर्ज त्याच बाबूच्या हातात होता.