कोंढ्याच्या मंडईत सिंथ-पॉप

भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. मला ते माहीत होतं, कारण नकाशा पाहिल्याशिवाय मी घराचा उंबरा ओलांडत नाही. माझ्या समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना ते माहीत नव्हतं. ते फलाटावर उतरून "गाव कुठाय?" म्हणून चहूकडे पाहू लागले, तेव्हा नाशिकहून पहिल्यांदाच आलेल्या मी त्यांना रिक्षांची दिशा दाखवली. सहल चांगली सुरू झाली.

मी इथवर का आले, ते आधी सांगते. ऐंशीच्या दशकात न्यू वेव्ह आणि सिंथ-पॉप नावाचं संगीत आलं होतं. यंत्रातले ढोल, यंत्रातले सूर, आणि गाणारा असा की जणू त्याला कशाचंच काही वाटत नाही. ऐकणाऱ्याचे पाय मात्र हलायचे. माझ्या थोरल्या भावाकडे त्या संगीताच्या कॅसेट होत्या. तीच तऱ्हा आता आपली नवी मुलं त्यांच्या गाण्यांत आणू लागली आहेत. मोठ्या कंपनीशिवाय, घरच्या खोलीत बसून. अशी गाणी मी सापडतील तशी ऐकते आणि तीन याद्या करते: पुन्हा ऐकण्यासाठी, भाजी निवडताना, आणि नकोच. पहिल्या यादीत सगळ्यात वर 'बोडी' नावाचा बँड आहे. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. बँडमध्ये माणसं दोनच, कोंढ्याची कीर्ती आणि तिचा भाऊ नीलेश. त्यांचं 'टावरचा लाल दिवा' हे गाणं मी इतकं वाजवलं की आमच्या घरी ते दारावरच्या घंटेसारखं झालं. मी कीर्तीला कौतुकाचा निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं: "मावशी, मंडईले या. पयल्यांदाच लोकांसमोर वाजवून राहिलो."

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर इकडे गावोगावी जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. पाहुण्यांनी घरं भरतात, दुकानं लागतात, दिवसभर दंडार (सोंगं, नाच आणि गाणी यांचा इथला लोकखेळ) चालते.

रिक्षावाल्यानं बॅग आत ठेवता ठेवता विचारलं, "कुठं जाचं आहे बाई?"

"भंडाऱ्याला, एसटी स्टँडवर. पुढे कोंढ्याला."

"मंडईले का? कोन आहे तिथं तुमचं?"

"कुणी नाही. नाशिकहून गाणं ऐकायला आले आहे."

त्यानं मान पूर्ण मागे वळवून माझ्याकडे पाहिलं. "बाप्पा! नाशकात गाणे सरले का?"

भंडाऱ्यात तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. वाढणाऱ्यानं "तिखट चालते का?" विचारलं, मी ठामपणे हो म्हटलं, आणि नंतर त्याच्याकडे तीनदा पाणी मागितलं. मग पितळेची दुकानं. माझ्या कागदावर 'पितळ: फक्त पाहणे' असं लिहिलेलं होतं. दुकानातून बाहेर पडले तेव्हा हातात झाकणासकट एक भला मोठा गंज (उभं पातेलं) होता. तो मांडीवर घेऊन मी कोंढ्यावरून जाणाऱ्या पवनीच्या एसटीत बसले. कंडक्टरनं आधी गंजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, याले हाफ तिकीट लागते."

पूर्ण बस हसली. मीही हसले, पण पर्स उघडून. तेव्हा तो म्हणाला, "ठेवा जी, मजाक केला."

वैनगंगेच्या पुलावरून बस कारध्याला आली आणि दक्षिणेला वळली. पुलावरून पाहिलं, तर नदी रुंद आणि संथ, काठाला होड्या. पुढे दोन्ही बाजूंना धानच धान. काही उभं, पिवळं. काही कापून ओळींनी पसरलेलं. त्या ओळींना इकडे कडपा म्हणतात. खिडकीतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. मी कानात इअरफोन घालून 'टावरचा लाल दिवा' लावलं. या गाण्यात सुरुवातीला बराच वेळ कुणी गातच नाही. खाली एक जाड सूर धडधडत राहतो, वर घंटेसारखी धून फिरते, आणि आता कुणीतरी गाईल, आता गाईल असं वाटत असताना आणखी एक फेरी होते. मग कीर्ती थंडपणे म्हणते, "तो लाल दिवा झोपत नाही, मी बी नाही, तू बी नाही." अड्याळच्या अलीकडे धानाच्या मधोमध तसाच एक टॉवर दिसला. गाणं कुठून आलं ते कळलं.

कोंढ्याला कीर्ती स्टँडवर उभी होती. पवनीला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते, चाल झपझप. तिनं गंज माझ्या हातातून काढून कमरेवर घेतला. "मावशी, आमच्या घरी भांडे आहेत ना!"

घरी गेल्यावर मात्र तिचा आवाज उतरला. ओसरीवर एक जुना कीबोर्ड होता. इकडे त्याला ऑर्गन म्हणतात. त्याच्या शेजारी तिचे वडील, मोतीरामभाऊ, हात मागे बांधून उभे. ते झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाच्या, नाटकांत ऑर्गन वाजवतात. ही नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, होळीपर्यंत गावोगाव फिरतात, आणि ऑर्गनवाल्याशिवाय पडदा उघडत नाही. त्यांनी स्वतःसाठी नवीन घेतला, तेव्हा हा जुना मुलांकडे आला.

"आमच्या नाटक मंडळीची दुसरी पार्टी निघून राहिली," ते मला म्हणाले. "त्याइले ऑर्गन पायजे. आन् हे पोट्टे तो खोलीत घेऊन बसतात. कानात बोंडं खुपसतात आन् आपलंच आपन ऐकतात. मले सांगा बाई, समोर मानूस नाही, मंग ते गानं झालं का?"

"बाबा, हजारो लोकं ऐकतात आमाले," नीलेश म्हणाला.

"दिसले का तुले ते?"

अट ठरलेली होती. आज मंडईत त्यांचं गाणं संपेपर्यंत लोक बसून राहिले, तर ऑर्गन मुलांचा. उठून गेले, तर उद्या तो मंडळीच्या गाडीत.

मी व्यवहारी प्रश्न विचारला. हल्ली सगळे आवाज लॅपटॉपमध्ये मिळतात, मग याच ऑर्गनचा हट्ट कशाला? नीलेशनं एक बटण दाबलं आणि एक पट्टी धरून ठेवली. ओसरीवरची मांजर उठून गेली.

"नाटकात व्हिलन आला की बाबा हा आवाज लावत," तो म्हणाला. "मी तो खालच्या पट्टीत नेला, तुकडे केले. तुमच्या आवडत्या गाण्यातली ती धडधड हेच आहे मावशी. हा गेला तर बोडी आटली."

मोतीरामभाऊंनी दुसरीकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची आठी थोडी हलली, असं मला वाटलं.

दुपारी आम्ही आखरावर (गावाच्या कडेचं मोकळं मैदान) गेलो. मांडव, जिलेबीची कढई, उसाच्या मोळ्या, फुगे, आणि शिंगाड्यांचे ढीग. जमिनीवर सतरंज्या. मी पुढून तिसऱ्या ओळीत, कडेची जागा धरली. तिथून निघणं सोपं असतं. शेजारच्या बाईंनी माझ्या ओंजळीत उकडलेले शिंगाडे ओतले.

"आता कोनतं सोंग आहे जी?"

"सोंग नाही. बँड आहे."

"लग्नातला?"

"नाही. दोघंच आहेत. यंत्रावर वाजवतात."

"दोघात कसा बँड होते?" त्या म्हणाल्या, आणि शिंगाडा सोलू लागल्या.

मंडईत सगळ्यात मोठा माणूस असतो माईकवाला. कोंढ्याचे माईकवाले सुखदेवकाका. पांढरी टोपी, मफलर, आणि आवाज असा की माईक ही केवळ शोभा. त्यांचं काम सरळ: कुणाच्या घरी ताटं वाढून झाली की त्या घरचा निरोप येतो, आणि काका पाहुण्यांना नावानिशी जेवायला बोलावतात.

दंडार संपली. कीर्ती आणि नीलेश मांडवात आले. ढोलाचं यंत्र सुरू झालं, ती धडधड सुरू झाली, वर घंटेची धून फिरली. लोक कान देऊन होते. मी खूश झाले. मोतीरामभाऊ मांडवाच्या खांबाला टेकून लोकांकडे पाहत होते, मुलांकडे नाही.

पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. झाडीपट्टीत ऑर्गन वाजतो आहे आणि कुणी गात नाही, याचा अर्थ एकच: आता सूचना होणार. नाटकाच्या आधी नेहमी तसंच होतं. सुखदेवकाकांनी घसा खाकरला आणि माईक ओढला.

"कोसऱ्यावरून आलेले जावईबापू! शालिकभाऊच्या घरी जेवन तयार आहे! लवकर यावं!"

कोसऱ्याचे जावई उठले. त्यांच्यामागे त्यांचं लटांबर उठलं.

"अड्याळचे पाहुने! देवरामभाऊच्या घरी पंगत बसून राहिली!"

आणखी एक सतरंजी रिकामी. नीलेशचा चेहरा पांढरा पडला. पण यंत्र चालूच होतं, म्हणून सूचना संपेपर्यंत त्यानं धून पुन्हा पहिल्यापासून फिरवली. त्यामुळे काकांना वाटलं, अजून वेळ आहे.

"नाशिकवरून आलेल्या पाहुन्या बाई! मोतीरामभाऊच्या घरी जेवन तयार आहे!"

मला माझ्या वेळेवर जेवायची सवय आहे, आणि ती वेळ केव्हाच टळली होती. नाव पुकारलं की उठायचं, हेही अंगात भिनलेलं. मी उभी राहिले, चप्पल पायात सरकवली, आणि तेव्हा माझी आणि मोतीरामभाऊंची नजरानजर झाली. इतक्या लांबून हे गाणं ऐकायला आलेली मी, गाणं सुरू व्हायच्या आत उठून चालले होते. त्यांनी भुवई वर केली.

कीर्तीनं दुसरा माईक तोंडाशी धरला. गाणं अजून तिच्या ओळीपर्यंत आलं नव्हतं. ती तिच्या त्या थंड आवाजात, अगदी ठेक्यावर म्हणाली:

"बसा जी बसा, भात अजून शिजाचा आहे. बसा जी बसा, चूल अजून पेटाची आहे."

काका उसळले. "नाही! जेवन तयार आहे! आताच निरोप आला!"

"नाशिकच्या मावशी, बसा जी बसा."

"नका बसू! भाजी थंडी होऊन राहिली!"

"कोसऱ्याचे जावई, बसा जी बसा."

"अवो पोरी, काहून खोटं बोलतेस माईकवर!"

काकांना कल्पना नव्हती, पण इतकी वर्षं ऑर्गनवर बोलून त्यांची प्रत्येक ओळ नेमकी ठेक्यावर पडत होती. हशा पिकला. उठलेले लोक भांडण ऐकायला थांबले. उभं राहून नीट दिसेना, म्हणून बसले. कोसऱ्याचे जावई पुढच्या ओळीत बसले. मी माझ्या जागी बसले. तिथं शेजारच्या बाईंनी सालं टाकली होती. मग कीर्ती अलगद खऱ्या गाण्यात शिरली, "तो लाल दिवा झोपत नाही," आणि दोन ओळींमध्ये जिथं जिथं फट होती तिथं काका "जेवन तयार आहे!" म्हणत राहिले, शेवटी शेवटी तर हात वर करून. मुलं नाचत होती. शालिकभाऊंच्या घरची बाई हातात पळी घेऊन पाहुण्यांना शोधत आली. कुणीच येईना हे पाहून तीही सतरंजीवर टेकली.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. मोतीरामभाऊ हळूहळू मांडवात आले.

"उठले होते," ते म्हणाले.

"परत बसले बी ना, बाबा," कीर्ती म्हणाली.

"गान्यासाठी नाही बसले. भांडनासाठी बसले."

उठणाऱ्यांत मी असल्यामुळे मला मत देण्याचा अधिकार उरला नव्हता. नीलेश ऑर्गनकडे पाहत म्हणाला, "मंग भांडन गान्यात घेतो."

तेवढ्यात सुखदेवकाका मफलर सारखा करत आले. "दुसरं गानं कवा आहे बे? मले आधी सांगत जा. घसा तयार ठेवतो."

मोतीरामभाऊंनी वाकून ऑर्गनची वायर काढली आणि गुंडाळायला लागले. कीर्तीनं माझा हात घट्ट धरला. वायर गुंडाळून त्यांनी ऑर्गनवर ठेवली, खालून दोन्ही हातांनी ऑर्गन उचलला, आणि नीलेशच्या खांद्यावर दिला.

"घरी ने. इथं धूळ बसते." मग काकांकडे बोट करून म्हणाले, "आन् सुखदेवले बी गान्यात ठेवा आता. तो नसला तर ऑर्गन मंडळीत जाईन."

काका म्हणाले, "मी कुठं जाऊन राहिलो!"

मग आम्ही जेवायला गेलो. भाजी खरंच थंड झाली होती. कीर्तीच्या आईनं ती पुन्हा गरम केली, सोबत सुवाऱ्या (पुऱ्या) आणि नव्या तांदळाचा भात, आणि कुणालाही न विचारता पातेलं निम्मं सुखदेवकाकांच्या ताटात रिकामं केलं.

परतीच्या गाडीत मी गंजाला टेकून बसले होते. सिंथ-पॉप मी आजवर एकटीनं ऐकत आले. भावाच्या खोलीत दार लावून, पुढे कानात इअरफोन घालून. ते तसंच ऐकायचं असतं, अशी माझी ठाम समजूत होती. मोतीरामभाऊंचं म्हणणं मला त्या दिवशी ओसरीवर जुनाट वाटलं होतं. पण आखरावर एवढी माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून हसत असताना ते थंड, यंत्रातलं गाणं मला पहिल्यांदाच कमी एकटं वाटलं. मुलांना हे पटलं की नाही, ते मी विचारलं नाही. त्यांचं त्यांना ठरवू दे.

काही आठवड्यांनी 'बोडी'चं नवं गाणं आलं. सुरुवातीला तीच लांबलचक धडधड आणि वर सुखदेवकाका. मी स्वयंपाकघरात ते मोठ्यानं लावलं. "जेवन तयार आहे! लवकर यावं!" काका कडाडले. आमचे हे पेपर बाजूला ठेवून उठले, हात धुतले, आणि पाट नसल्यानं खुर्ची ओढून टेबलाशी ताठ बसले. कुकर अजून गॅसवरसुद्धा चढला नव्हता.

"काय गं, वाढतेस ना?"

"बसा," मी म्हटलं. "गाणं अजून सुरूच झालेलं नाही."