पुरण नाही

माझी मैत्रीण मालती गेल्याचा फोन आला तेव्हा मी फार्मसीत कामावर होते. महिना उलटून गेला, पण घरातला फ्रीझर उघडताना अजून हात थबकतो...

उत्तरेकडच्या बर्फाळ अरण्यांचा ती अभ्यास करायची. इथे ऑकलंडला थंडी पडली की ही निघाली सैबेरियाला, तिथल्या उन्हाळी डासांना रक्त पाजायला, असं मी तिला चिडवायचे. झाडांखालची हजारो वर्षं गोठलेली दलदलीची माती तिनं खणून इकडे आणली होती. पुन्हा तिथे जाऊ देतील याची खात्री नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात शहराच्या मध्यभागातली वीज गेली ती आठवडे येईना. प्रयोगशाळेतला जनरेटर आचके देऊ लागला तशी मालती सँडरिंगहॅमला माझ्या दारात उभी; आमच्या उपनगरात वीज होती. माती प्रयोगशाळेबाहेर न्यायच्या परवानग्यांसाठी फोन करून करून तिचा घसा बसला होता.

"फ्रीझर रिकामा कर. आत्ता."

मटार, खोबरं शेजारी गेलं. माती भरायला हाताशी होते ते आइस्क्रीमचे रिकामे डबे. आपल्या घरात डबा कधी कोणी टाकतं का? मग रोज संध्याकाळी ती यायची, थर्मामीटर बघायची आणि चहाही न घेता जायची. मला तिची भीती वाटायला लागली होती.

होळीच्या दिवशी कामावरून आले तर पुण्याहून आलेल्या सासूबाई नाकाला पदर लावून ओट्याशी उभ्या. समोर सकाळीच फ्रीझरमधून काढून ठेवलेला डबा, उघडा.

"अगं, पुरण आंबलं वाटतं."

मालती माझ्या मागेच होती. तिनं डब्यात बोट घातलं आणि स्टूल ओढून बसली.

"हे पुरण नाही, काकू."

"मग ठेव की परत आत."

"आता उपयोग नाही. एकदा वितळून सुटलं की कुजायला लागतं, वायू सोडतं... तिकडची सगळी जमीन अशी सुटली, तर ती कुठल्या फ्रीझरमध्ये ठेवणार?"

आपल्या हातून काय बिघडलं ते कळून सासूबाईंना रडू फुटलं. मालतीनं त्यांना जवळ घेतलं, दोन पोळ्या खाल्ल्या आणि उरलेल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'पुरण नाही'.

वीज आल्यावर डबे परत गेले. वाया गेलेला तेवढा तिनं पट्टी लावून माझ्याच फ्रीझरमध्ये कायमचा ठेवला. "राहू दे गं."

गेल्या आठवड्यात घरातली वीज गेली. मुलगी टॉर्च घेऊन आली. "मम, व्हॉट आर यू डूइंग?"

मी फ्रीझरचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. आत वाचवण्यासारखं काही नाही, हे ठाऊक होतं. वीज येईपर्यंत हात काढले नाहीत.